कचारगडची शिळा आणि ‘छावा’चा पडदा: मुलांना काय सांगावे, काय दाखवावे

१/
२०२५ साली माघ पौर्णिमा १२ फेब्रुवारीला होती. त्या सुमारास गोंदिया जिल्ह्यातील सालेकसा तालुक्यात, दरेकसाच्या डोंगरात, कचारगडची यात्रा भरली. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा, ओडिशा अशा अनेक राज्यांतून आलेली गोंड कुटुंबे लेकराबाळांसह गुहेची वाट चढत होती. दोनच दिवसांनी, १४ फेब्रुवारीला, ‘छावा’ हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला. पुढचे काही आठवडे राज्यातील घराघरांत एक प्रश्न विचारला गेला: मुलांना घेऊन जावे की नाही? हा थ्रेड त्या प्रश्नाविषयी आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी तो आधी कचारगडला जाईल आणि मग चित्रपटगृहात येईल.

२/
प्रथम वस्तुस्थिती. लक्ष्मण उतेकर दिग्दर्शित आणि विकी कौशल अभिनीत ‘छावा’ हा शिवाजी सावंत यांच्या त्याच नावाच्या कादंबरीवर आधारलेला आहे. चित्रपटाचा शेवटचा मोठा भाग संभाजी महाराजांच्या कैदेचा आणि छळाचा आहे. तो सूचकतेने उरकलेला नाही. तो दीर्घ, जवळून टिपलेला आणि मोठ्या आवाजाचा आहे. केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाने त्याला ‘यूए १६+’ असे प्रमाणपत्र दिले. तरीही पहिल्याच आठवड्यात हुंदके देत घोषणा देणाऱ्या लहान मुलांच्या चित्रफिती समाजमाध्यमांवर फिरू लागल्या आणि हजारोंनी त्या कौतुकाने पुढे पाठवल्या.

३/
‘यूए १६+’ याचा नेमका अर्थ पुष्कळांना ठाऊक नसतो. २०२३ च्या दुरुस्तीने चित्रपट कायद्यातील ‘यूए’ या एकाच गटाचे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग झाले. ‘ए’ प्रमाणपत्राच्या चित्रपटाला अल्पवयीन मुलाला प्रवेश नाकारता येतो. ‘यूए’च्या वयोमर्यादेला मात्र तशी सक्ती नाही. ती पालकांना दिलेली सूचना आहे. दहा वर्षांच्या मुलाला आईवडिलांबरोबर पाहून दारावरचा माणूस अडवणार नाही. मंडळाने आपले मत दिले आणि निर्णय कुटुंबावर सोडला. म्हणजे ‘बंदी नाही, म्हणून चालेल’ हा युक्तिवाद मुळातच चुकीचा ठरतो. बंदी नाही, कारण तेथे पालक विचार करतील असे गृहीत धरलेले आहे.

४/
हा विचार करताना सहसा दोन उत्तरे समोर येतात. पहिले: मुलांना आपला इतिहास कळलाच पाहिजे, आपल्या राजाने काय सोसले ते त्यांनी पाहिलेच पाहिजे. दुसरे: कोवळ्या मनांवर असले काही पडता कामा नये, त्यांना क्रौर्यापासून दूर ठेवावे. दोन्ही उत्तरांत एक समान चूक आहे. दोघेही असे धरून चालतात की, क्रौर्याविषयी कळणे आणि क्रौर्य पाहणे ही एकच गोष्ट आहे. एकाला ती हवी आहे, दुसऱ्याला नको आहे. परंतु या दोन गोष्टी एक नाहीत, आणि मराठी मुलखातील मुलांचे बालपणच त्याची साक्ष देते.

५/
महाराष्ट्रातील कोणते मूल हिंसेच्या गोष्टी न ऐकता मोठे होते? अफझलखानाच्या पोटात शिरलेली वाघनखे, शाहिस्तेखानाची तुटलेली बोटे, पावनखिंडीतील बाजीप्रभूंच्या अंगावरच्या जखमा. हे सारे चौथीच्या वर्गात, आणि बहुतेक घरांत त्याआधीच, येऊन पोचते. दिवाळीच्या किल्ल्यावर मातीचे मावळे मांडताना पाच वर्षांची मुले या प्रसंगांवर तासन् तास बोलतात. त्यांना त्याचे भय वाटत नाही, आणि त्यांची मने करपलेलीही दिसत नाहीत. तेव्हा मुलांना इतिहासातील रक्त सोसत नाही, असे सरसकट म्हणणे खरे नाही. प्रश्न आहे तो ते रक्त त्यांच्यापर्यंत कोणत्या वाटेने पोचते याचा.

६/
येथे कचारगड उपयोगी पडते. कोयापुनेमी परंपरेत या गुहेची जी कथा सांगितली जाते ती मुळात मुलांचीच कथा आहे, आणि ती सौम्य नाही. कली कंकालीची तेहतीस मुले शंभूसेकाने या गुहेत कोंडली. तोंडावर प्रचंड शिळा लोटली. आई बाहेर आक्रोश करीत राहिली. पुढे पारी कुपार लिंगो आला. त्याच्याबरोबर संगीतकार हिरासुका पाटालीर होता. हिरासुकाच्या वाद्याने आतल्या मुलांच्या अंगात बळ आले, शिळा हलली, मुले बाहेर पडली. पण घरंगळत आलेल्या त्याच शिळेखाली हिरासुका चिरडला गेला. सांगणाऱ्यागणिक तपशील बदलतात. कोंडलेली मुले, शिळा आणि सुटका मात्र कायम राहते.

७/
याच परंपरेचा एक जुना लिखित पाठ उपलब्ध आहे. नागपुरात राहून काम करणारे स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी गोंडांच्या प्रधानांकडून लिंगोचे दीर्घ गीत उतरवून घेतले. प्रधान म्हणजे गोंडांचे गायक, त्यांच्या वंशावळी आणि देवकथा मुखोद्गत ठेवणारे. हिस्लॉप १८६३ साली पाण्यात बुडून वारले. त्यांचे कागद रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली संपादून प्रसिद्ध केले. त्या पाठात गोंडांना गुहेत कोंडणारा महादेव आहे, निसटलेले चौघे भाऊ आहेत आणि ‘कचीकोपा लोहागड’ हे ठिकाण आहे. आजचे अनेक गोंड अभ्यासक आणि यात्रेकरू ते ठिकाण म्हणजेच कचारगड मानतात.

८/
हिस्लॉपच्या पाठात आणखी एक प्रसंग आहे. लिंगोवर खोटा आळ येतो. ज्या भावांसाठी त्याने सर्व काही केले, तेच भाऊ त्याला ठार मारतात. त्याचे डोळे काढून घेतात आणि त्या डोळ्यांनी गोट्या खेळतात. वाचणाऱ्याच्या अंगावर काटा येईल असा हा प्रसंग. ‘छावा’च्या शेवटाशी त्याचे साम्य कोणाच्याही ध्यानात येईल: निरपराध माणूस, आपल्यांकडून घात, काढलेले डोळे. आणि तरीही हे गीत पिढ्यान् पिढ्या आबालवृद्धांसमोर गायले गेले. त्यासाठी कोणी वयाचा दाखला मागितला नाही. मग जे गीतात चालते ते पडद्यावर का चालू नये? या आक्षेपाला उत्तर द्यावेच लागेल.

९/
उत्तराचा पहिला भाग चित्राविषयी आहे. सांगितलेल्या गोष्टीतील चित्र ऐकणारा स्वतः रंगवतो. ‘डोळे काढले’ हे शब्द सहा वर्षांच्या मुलाने ऐकले तर त्याच्या मनात उमटणारे चित्र त्याच्या अनुभवाएवढेच असते. त्याने कोंबडी कापताना पाहिली असेल, गुडघा फुटलेला पाहिला असेल. त्यापलीकडे त्याची कल्पना जात नाही. तेच मूल बारा वर्षांचे झाले की त्याच शब्दांतून मोठे चित्र घडते. गोष्ट तीच राहते आणि मुलाबरोबर वाढते. पडद्यावरचे चित्र मात्र दुसऱ्याने, प्रौढांसाठी, प्रौढांच्या मापाने तयार केलेले असते. सहा वर्षांचे मूल आणि साठ वर्षांचा आजोबा एकाच आकाराची जखम पाहतात.

१०/
दुसरा भाग सांगणाऱ्याविषयी आहे. प्रधान गाताना समोरचे चेहरे पाहत असतो. आजी गोष्ट सांगताना नातवाचा हात हातात घेऊन असते. मूल घाबरले तर ती आवाज खाली आणते, प्रसंग आवरता घेते, ‘पुढे ऐक तर’ म्हणते. मुलाला मध्येच विचारता येते: मग त्याची आई कुठे होती? चित्रपटगृहात हे काही होत नाही. अंधार असतो, आवाज चहूबाजूंनी येतो, शेजारचे मोठे माणूस स्वतःच रडत किंवा ओरडत असते. ज्याच्याकडे पाहून धीर घ्यायचा तोच ढासळलेला दिसतो. मुलाला थांबवता येत नाही, विचारता येत नाही, आणि उठून जाणे म्हणजे राजाचा अपमान असे त्याला वाटण्याचीही शक्यता असते.

११/
तिसरा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. कचारगडच्या कथेत जखम मध्यावर येते. मुले कोंडली जातात, पण कथा तेथे थांबत नाही. हिस्लॉपच्या पाठात मेलेला लिंगो अमृताने पुन्हा उठतो आणि भावांचा सूड घेत बसण्याऐवजी गुहेत अडकलेल्यांना सोडवायला निघतो. आज सांगितल्या जाणाऱ्या कथेत हिरासुका जातो, पण तेहतीस मुले जिवंत बाहेर येतात आणि त्यांच्यापासून गोंड समाजाची घडण सुरू होते. यात्रेला आलेले प्रत्येक कुटुंब त्या सुटकेचा वारसा सांगत डोंगर चढते. ‘जय सेवा’ म्हणत गुहेत जाणारे मूल कोंडवाड्यात जात असते आणि स्वतःच्या पायांनी त्यातून बाहेरही येत असते.

१२/
‘छावा’ची रचना याच्या उलट आहे. सारा चित्रपट अखेरच्या यातनांकडे चढत जातो आणि तेथेच संपतो. कलाकृती म्हणून तो निर्णय दिग्दर्शकाचा आहे. त्यावर येथे वाद नाही. पण मुलाच्या हाती काय उरते, हा प्रश्न वेगळा आहे. मूल घरी जाताना बेड्या, तापलेल्या सळया आणि किंकाळ्या घेऊन जाते. संभाजी महाराजांनी केले काय, यापेक्षा त्यांच्यावर काय केले गेले, हेच त्याच्या ध्यानात ठसते. ज्या पुरुषाची थोरवी सांगायची त्याची ओळख त्याच्या मारेकऱ्यांच्या कृत्यांतून व्हावी, हे त्या पुरुषावर अन्याय करणारे आहे.

१३/
साधने काय सांगतात? औरंगजेबाच्या दरबारी कागदांच्या आधारे लिहिलेला ‘मआसिर-इ-आलमगिरी’ आणि खाफीखानाचा ग्रंथ, दोन्हींत हा प्रसंग येतो. पण तो मोजक्या ओळींत येतो. तपशील सर्वत्र एकसारखे नाहीत. संगमेश्वरी फेब्रुवारी १६८९ मध्ये पकड, बहादूरगडावरील विटंबना, डोळे काढणे आणि ११ मार्च १६८९ रोजी भीमाकाठी वध, हा सांगाडा इतिहासकारांना मान्य आहे. त्या मोजक्या ओळींचे दीर्घ दृश्य होते तेव्हा मधली जागा कल्पना भरून काढते. कादंबरीने ती शब्दांनी भरली, चित्रपटाने ती चित्रांनी भरली. ‘हे असेच घडले, म्हणून मुलांनी पाहावे’ असे म्हणणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे की, पडद्यावरचे प्रत्येक क्षणचित्र इतिहासाचा पुरावा नसते.

१४/
मग त्या मोजक्या ओळींच्या आधी काय होते? १६ जानेवारी १६८१ चा राज्याभिषेक. त्याच महिन्यात बुऱ्हाणपुरावरील छापा. जंजिऱ्याच्या सिद्दीशी झुंज. १६८३ साली गोव्यात पोर्तुगीजांना आणलेला जेरीस. साक्षात औरंगजेब प्रचंड सैन्य घेऊन दक्षिणेत उतरलेला असताना आठ वर्षे टिकवलेले राज्य. आणि या साऱ्याबरोबर ‘बुधभूषण’ हा संस्कृत ग्रंथ रचणारा, कवींच्या सहवासात रमणारा तरुण. वयाच्या एकतिसाव्या वर्षी त्याचा अंत झाला. ही आठ वर्षे एखाद्या मुलाला सांगायची तर नकाशा, एक रात्र आणि थोडी तयारी पुरेशी आहे. त्यासाठी तापलेल्या सळयांची गरज नाही.

१५/
आणि नंतर काय झाले? हे बहुतेक मुलांना कोणी सांगतच नाही. महाराजांच्या वधानंतर काही महिन्यांनी रायगड पडला. येसूबाई आणि शाहू मुघलांच्या कैदेत गेले. शाहू तेव्हा सात वर्षांचा होता. राजाराम जिंजीला गेले आणि तेथून लढा चालू राहिला. १७०० नंतर ताराबाईंनी तो पुढे नेला. औरंगजेब दिल्लीला परतला नाही. १७०७ साली अहमदनगरजवळ मेला. त्याच वर्षी शाहू सुटला. येसूबाईंना परत यायला १७१९ साल उजाडले. या इतिहासात सात वर्षांचे एक खरे मूल आहे: बाप गमावलेले, आईसह शत्रूच्या छावणीत वाढलेले, आणि अखेर बाहेर आलेले. सात वर्षांच्या श्रोत्याला या कथेत शिरण्याचे दार तेच आहे.

१६/
आता मोठ्यांच्या वर्तनाकडे पाहू. जानेवारी २०२५ मध्ये चित्रपटाची झलक आली तेव्हा महाराज लेझीम खेळताना दाखवल्याबद्दल मोठा आक्षेप घेतला गेला. दिग्दर्शकांनी ते दृश्य काढून टाकले. आक्षेप घेणाऱ्यांची भावना खोटी होती असे म्हणण्याचे कारण नाही. परंतु त्या चर्चेतील विसंगती नोंदवण्यासारखी आहे. राजाने लेझीम खेळणे प्रेक्षकांना दाखवू नये, यावर समाज हिरिरीने बोलला. त्याच राजाचा देह विदीर्ण होताना आठ वर्षांच्या मुलांनी पाहावा की नाही, यावर फारसे कोणी बोलले नाही. आनंदी राजा नको आणि यातना भोगणारा राजा हवा, ही निवड कोणी जाहीरपणे केली नाही. तरी ती झाली.

१७/
चित्रपट आल्यावर दुसरा वाद उभा राहिला. गणोजी आणि कान्होजी शिर्के यांना फितूर म्हणून दाखवल्याबद्दल शिर्के घराण्याच्या वंशजांनी हरकत घेतली आणि मानहानीच्या दाव्याचा इशारा दिला. दिग्दर्शकांनी दिलगिरी व्यक्त केली. फितुरीचा प्रश्न इतिहासात वादाचा आहे. पण क्षणभर वर्गाचा विचार करावा. ज्या वर्गात चाळीस मुलांनी चित्रपट पाहिला आहे तेथे शिर्के आडनावाचे मूल दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत कोठे बसते? मोठ्यांना पुरावा आणि प्रवाद यांतील फरक समजावता येतो. मुलांच्या मैदानावर आडनाव हाच पुरावा ठरतो. हीच गोष्ट औरंगजेबाचा धर्म पाळणाऱ्या घरातील मुलाला कितीतरी अधिक तीव्रतेने भोगावी लागते.

१८/
पडदा आणि वास्तव यांतील रेषा मुलांना कळत नाही, असे म्हणताना मोठ्यांना ती कळते असे मानले जाते. मार्च २०२५ मध्ये बुऱ्हाणपूर जिल्ह्यातील असीरगडाच्या पायथ्याशी लोक रात्री विजेऱ्या आणि धातुशोधक यंत्रे घेऊन शेते खणू लागले. चित्रपटात बुऱ्हाणपूरच्या लुटीचा प्रसंग आहे, तेव्हा मुघलांचे सोने तेथेच पुरलेले असणार, अशी आवई उठली होती. हे ऐकून हसू येते. पण ज्या दृश्याने संसारी माणसांना मध्यरात्री कुदळ उचलायला लावली, त्याहून शतपट तीव्र दृश्याने आठ वर्षांचे मूल काय करील, हा विचार हसू थांबल्यावर करावा.

१९/
कारण त्याच महिन्यात जे घडले त्यावर हसता येत नाही. १७ मार्च २०२५ रोजी औरंगजेबाची कबर हटवण्याच्या मागणीसाठी नागपुरात निदर्शने झाली. अफवा पसरली, महाल परिसरात दगडफेक आणि जाळपोळ झाली, अनेक भागांत संचारबंदी लागली. जखमींपैकी एकाचा पुढे मृत्यू झाला. पोलिसांनी ताब्यात घेतलेल्यांत अल्पवयीन मुलेही होती. ‘छावा’नंतर लोकांच्या मनात औरंगजेबाविषयीचा राग उसळला आहे, असे मुख्यमंत्र्यांनी दुसऱ्याच दिवशी विधानसभेत सांगितले. दंगल चित्रपटाने घडवली असे म्हणणे सोपे आणि अर्धवट ठरेल. तीमागे राजकारण होते, अफवा होती. पण जखमेवर संपणारी गोष्ट ऐकणाऱ्याला रिकाम्या हाताने परत पाठवत नाही. ती त्याच्या हाती राग देते, आणि तो राग ठेवायला जागा देत नाही.

२०/
येथे विरुद्ध बाजूचा सर्वांत सबळ युक्तिवाद मांडला पाहिजे. संभाजी महाराजांची प्रतिमा दीर्घकाळ मलिन केली गेली. बखरींनी आणि नाटकांनी त्यांना व्यसनी, उच्छृंखल राजपुत्र म्हणून रंगवले. वा. सी. बेंद्रे यांचा ग्रंथ १९६० साली आला, कमल गोखले यांचा ‘शिवपुत्र संभाजी’ १९७१ साली. तेव्हा कुठे पुराव्यांच्या आधारे ते चित्र पालटू लागले. चित्रपटगृहात वाहिलेल्या अश्रूंमध्ये हे उशिरा मिळालेल्या न्यायाचे समाधान होते. ज्या घरात इतिहासाचे एकही पुस्तक नाही त्या घरापर्यंत हा राजा चित्रपटाने नेला. ही मोठी गोष्ट आहे आणि तिला कमी लेखणे हा अहंकार ठरेल.

२१/
परंतु हा युक्तिवाद मोठ्यांनी चित्रपट का पाहावा याचे समर्थन करतो. मुलांनी तो का पाहावा याचे समर्थन त्यातून निघत नाही. मलिन केलेली प्रतिमा सहा वर्षांच्या मुलाच्या मनात नसतेच. तेथे पुसायचे काही नसते. त्याच्यासाठी संभाजी महाराजांची पहिली ओळख घडायची असते. बेंद्रे आणि गोखले यांनी ती प्रतिमा उजळली ती कागदपत्रांतून राज्यकर्ता, सेनानी आणि पंडित पुढे आणून. त्यांच्या श्रमाचा खरा वारस तो पालक आहे, जो मुलाला आधी तो राज्यकर्ता दाखवतो आणि मग, मूल पुरेसे मोठे झाल्यावर, त्याचा अंत सांगतो.

२२/
गोंदियाच्या भूमीत हा विचार आणखी एका दिशेने जातो. गोंडांच्या इतिहासातही असे अंत आहेत. १८ सप्टेंबर १८५७ रोजी जबलपुरात राजा शंकरशाह आणि त्यांचे पुत्र रघुनाथशाह यांना इंग्रजांनी तोफेच्या तोंडी दिले. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात बाबूराव शेडमाके यांना फाशी झाली. दरवर्षी त्या दिवशी लोक जमतात, फुले वाहतात, मुले सोबत असतात. तोफेने देहाचे काय झाले हे कोणी अभिनय करून दाखवत नाही. तरी तेथे उभ्या असलेल्या कोणत्याही मुलाला काय घडले हे ठाऊक असते, आणि त्या पितापुत्रांची थोरवी त्याला कमी वाटत नाही. उद्या त्यांच्यावर भव्य चित्रपट निघाला तर त्यालाही हीच कसोटी लागू होईल.

२३/
मग निर्णय काय? बारा वर्षांखालील मुलांना अशा चित्रपटाला नेऊ नये. घरी बघायला कोणी नाही ही अडचण असली तरी नेऊ नये. तेरा ते पंधरा या वयात पालकाने आधी स्वतः पाहावा, मग मुलाला विचारावे, आणि मध्येच उठून यायची मोकळीक आधीच द्यावी. उठून येण्याने कोणाचीही निष्ठा कमी होत नाही, हे स्पष्ट शब्दांत सांगावे. सोळानंतर मूल स्वतः जाईलच. तेव्हा परत आल्यावर त्याच्याशी बोलायला कोणीतरी जागे असावे. शाळांनी वर्गच्या वर्ग अशा खेळाला नेऊ नयेत. चाळीस मुलांतील ज्या एकाला पाहवत नाही, त्याला तेथे तसे म्हणताच येत नाही. आणि रडणाऱ्या मुलाची चित्रफीत काढू नये. ते मूल भ्यालेले असते. त्या क्षणी त्याला कॅमेऱ्याची नव्हे, कुशीची गरज असते.

२४/
न नेण्याचा निर्णय घेतला म्हणजे काम संपले असे नाही. खरे काम तेव्हा सुरू होते. न दाखवता सांगायचे तर सांगणाऱ्याला स्वतःला ठाऊक असावे लागते. तिकीट काढणे त्या मानाने सोपे आहे. तीन तासांत कोणीतरी दुसरा सर्व सांगून टाकतो. पण कचारगडला लेकराला खांद्यावर घेऊन येणारी आई ती कथा दुसऱ्यावर सोपवत नाही. वाटेत लेकरू विचारते, मुलांना का कोंडले? ती सांगते. शिळा किती मोठी होती? ती हात पसरून दाखवते. मग त्या मुलांचे पुढे काय झाले? याचे उत्तर तिच्या आजूबाजूला हजारोंनी चालत असते.

२५/
प्रत्येक मूल प्रत्येक गोष्टीच्या शेवटी हाच प्रश्न विचारते: पुढे काय झाले? ‘छावा’ पाहून आलेले मूलही तो विचारील, आणि न पाहिलेले, पण वर्गात ऐकून आलेले मूलही विचारील. त्या वेळी पालकापाशी १६८९ नंतरचे उत्तर असले पाहिजे. रायगड पडला, सात वर्षांचा शाहू आईबरोबर कैदेत गेला, बाहेर ताराबाई लढत राहिल्या, बादशहा महाराष्ट्रातच मेला, आणि अठरा वर्षांनी शाहू परत आला. एवढे सांगता आले तर मुलाला झोप येईल. चित्रपट त्यानंतरही कित्येक वर्षे उपलब्ध असणारच आहे.